विश्लेषण : आई-वडिलांच्या दिवाणखान्यात घडलेला संगणक… कोण होते कोनराड झुसे?

बंद पडलेला जुना संगणक भंगारात न देता तो उघडून बसणारे, त्यातील जळालेला सुटा भाग हुडकून काढून यंत्र पुन्हा चालू करणारे हौशी लोक आज जगभर आहेत. चाळीस वर्षांपूर्वीचे घरगुती संगणक, कॅसेटवरून चालणारे खेळ, फ्लॉपी यांचा त्यांना लळा असतो. मात्र घरात बसून, स्वतःच्या खिशातून आणि मित्रांच्या मदतीने संगणक बनवण्याची ही हौस संगणकाइतकीच जुनी आहे. बर्लिनमधील कोनराड झुसे या २६ वर्षांच्या तरुणाने १९३६ मध्ये आई-वडिलांच्या घरातील दिवाणखान्यात पत्रे कापून एक गणनयंत्र बनवायला घेतले. ते युद्धात जळाले. वयाची पंच्याहत्तरी उलटल्यावर याच माणसाने तेच यंत्र पुन्हा पहिल्यापासून बनवले. या दोन घटनांच्या मध्ये युद्ध, पळापळ, एका कंपनीचा उदय-अस्त आणि पेटंटसाठी पाव शतक चाललेला झगडा आहे.

झुसे कोण होते?

कोनराड झुसे (जर्मन उच्चार ‘त्सूझं’च्या जवळचा) यांचा जन्म २२ जून १९१० रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील टपाल खात्यात नोकरीला. त्यांच्या बदल्यांमुळे कोनराड यांचे बालपण पूर्व प्रशियातील ब्राउन्सबर्ग (आता पोलंडमधील ब्रानिएवो) आणि नंतर होयर्सवेर्डा या लहान गावांत गेले. मेकॅनो म्हणून आपल्याकडे ओळखल्या जाणाऱ्या, नट-बोल्टने जोडायच्या धातूच्या पट्ट्यांच्या खेळण्यासारखाच एक संच त्यांच्याकडे होता. त्यातून क्रेन आणि पूल बनवण्यात त्यांचे दिवसच्या दिवस जात.

त्यांची दुसरी आवड चित्रकला. आपण चित्रकार व्हायचे की इंजिनीअर, हे त्यांचे बराच काळ ठरत नव्हते. फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ हा १९२७ चा मूकपट पाहून त्यांनी भविष्यातील शहरांचे आराखडे काढले. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग येथील तांत्रिक महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावरही त्यांनी शाखा बदलल्या. आधी यंत्र अभियांत्रिकी, मग वास्तुरचना आणि अखेर स्थापत्य अभियांत्रिकी. मधल्या काळात नाणे टाकल्यावर वस्तू देणारे यंत्र, फोटो आपोआप छापणारी यंत्रणा अशा कल्पना कागदावर उतरत होत्या. १९३५ मध्ये पदवी हाती आली. विद्युत किंवा इलेक्ट्रॉनिक्सचे औपचारिक शिक्षण मात्र त्यांनी कधीच घेतले नव्हते. गणनयंत्रांच्या क्षेत्रात तर ते पूर्णपणे बाहेरचे होते.

मग संगणकाची कल्पना आली कुठून?

कंटाळ्यातून. स्थापत्य अभियांत्रिकीत पूल किंवा छप्पर किती भार पेलेल, हे आधी कागदावर काढावे लागते. तुळई दोन टेकूंवर असेल तर गणित सोपे असते. टेकू वाढले की एकमेकांत गुंतलेली समीकरणे मांडावी लागतात. अज्ञात राशी दुप्पट झाल्या, तर आकडेमोड साधारण आठपट होते. त्या काळी हे काम हाताने, फार तर टेबलावरच्या हातयंत्राच्या मदतीने चाले आणि एका चुकीमुळे कित्येक दिवसांची मेहनत वाया जाई.

विद्यार्थी असतानाच झुसे यांच्या लक्षात आले की, या आकडेमोडीत विचार असा फारसा नसतोच. हा आकडा घ्या, त्याने गुणा, उत्तर त्या रकान्यात लिहा, पुढे जा. त्यांनी आधी छापील तक्ते बनवले, ज्यांत कोणता आकडा कुठून कुठे जाईल हे ठरलेले असे. मग प्रश्न आला, की रकाने भरण्यासाठी माणूस तरी कशाला? आकडे साठवण्याची एक जागा, बेरीज-गुणाकार करणारा एक भाग आणि कोणती कृती कधी करायची हे सांगणारी एक पट्टी, एवढे असले की काम भागेल. आज आपण ज्यांना मेमरी, प्रोसेसर आणि प्रोग्राम म्हणतो, ते हेच.

अशीच विभागणी शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी केली होती. झुसे यांना त्याची गंधवार्ता नव्हती. बॅबेज हे नाव त्यांना पुढे अमेरिकेतील पेटंटच्या पत्रव्यवहारातून कळले.

दिवाणखान्यात यंत्र कसे उभे राहिले?

१९३५ मध्ये झुसे हेन्शेल या विमान कंपनीत लागले. विमानाच्या भागांवर येणारा ताण मोजणे हे काम, म्हणजे पुन्हा तीच आकडेमोड. थोड्याच काळात त्यांनी नोकरी सोडली आणि आता घरीच गणनयंत्र बनवणार असे आई-वडिलांना सांगितले. नुकताच इंजिनीअर झालेला मुलगा नोकरी सोडून घरात कारखाना काढतो म्हटल्यावर घरच्यांना काय वाटले असेल, ते वेगळे सांगायला नको. तरी त्यांनी क्रॉइझबर्ग भागातील आपल्या घरातील सर्वात मोठी खोली मुलाला दिली. बहीण लिझेलोट हिने पैसे दिले. महाविद्यालयातील मित्रांनी जमेल तेवढी रक्कम दिली आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी हात दिले. हातयंत्रे बनवणारे कुर्ट पान्के हे व्यावसायिकही मदतीला आले. सरकारी अनुदान किंवा विद्यापीठाची प्रयोगशाळा यांपैकी काहीही नव्हते.

१९३६ ते १९३८ या काळात या खोलीत ‘झेड-१’ तयार झाला. पातळ पत्र्याच्या हजारो पट्ट्या मित्रांनी करवतीने कापल्या. एकेका पट्टीला ठरावीक जागी खाचा पाडायच्या, कडा घासायच्या आणि त्या थरावर थर रचायच्या. पुढे तयार झालेल्या प्रतिकृतीत सुमारे ३० हजार भाग आहेत, त्यावरून या उद्योगाचा अंदाज यावा. यंत्राचे वजन सुमारे एक टन होते. एवढे वजन खोलीत मावले, पण तेथे बसायला जागा उरली नाही.

यंत्राला सूचना देण्यासाठी कागदाऐवजी ३५ मिलिमीटरची वापरून झालेली सिनेमाची फिल्म घेतली गेली. तिला छिद्रे पाडली की तीच प्रोग्रामची पट्टी. ही युक्ती चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवण्याचे काम केलेला त्यांचा मित्र हेल्मुट श्रायर याची. फिल्म कागदापेक्षा टिकाऊ, जवळपास फुकटची आणि तिच्या कडेला आधीच दात बसण्याजोगी भोके असतात. घरी असेल त्या वस्तूतून काम भागवणे हा कुठल्याही काळातील हौशी कारागिराचा धर्म असतो, त्याचा याहून चांगला नमुना मिळणे कठीण.

पत्र्याला ‘हो’ आणि ‘नाही’ कसे कळत होते?

त्या वेळची गणनयंत्रे दहा दातांच्या चाकांवर चालत. शून्य ते नऊ असे दहा अंक, म्हणून दहा दात. झुसे यांनी चाके बाजूला ठेवली. पत्र्याची पट्टी एक तर या टोकाला असेल किंवा त्या टोकाला. मधली स्थिती नाही. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला एक. म्हणजे केवळ दोन अंकांवर चालणारी द्विमान पद्धती, जिच्यावर आजचा प्रत्येक मोबाइल चालतो.

दोन पट्ट्यांमध्ये एक लहान खिळा असे. तिसरी पट्टी त्या खिळ्याला जागेवर आणी किंवा बाजूला सारी. खिळा जागेवर असेल तर पहिली पट्टी ढकलल्यावर दुसरीही हलते. बाजूला असेल तर पहिली एकटीच सरकते. एवढ्या साध्या रचनेतून ‘हे आणि ते’, ‘हे किंवा ते’, ‘हे नाही’ अशी तर्काची सगळी कामे करता येतात. अशा हजारो जोड्या एकमेकांना जोडल्या की बेरीज होते, बेरजेतून गुणाकार होतो. मेमरीतही हेच तत्त्व, खिळा खाचेत डावीकडे की उजवीकडे. तिथे ६४ संख्या मावत आणि प्रत्येक संख्या २२ द्विमान अंकांची असे.

आणखी एक गोष्ट थक्क करणारी आहे. अगदी लहान आणि अगदी मोठ्या संख्या एकाच यंत्रात हाताळता याव्यात, म्हणून झुसे यांनी संख्या दोन तुकड्यांत साठवली. एका तुकड्यात मूळ अंक, दुसऱ्यात दशांश चिन्ह किती घरे सरकवायचे याचा आकडा. ‘फ्लोटिंग पॉइंट’ या नावाने आज प्रत्येक प्रोसेसरमध्ये असलेली ही पद्धत बर्लिनच्या त्या खोलीत पत्र्यात कापली गेली होती.

यंत्र मात्र नीट चालत नसे. मेमरीचा भाग भरवशाचा होता, पण आकडेमोडीच्या भागात एवढ्या पट्ट्या एकमेकींवर अवलंबून होत्या, की एखादी जरा वाकली किंवा अडली तरी सगळे ठप्प होई. करवतीने हाताने कापलेल्या पत्र्यांकडून याहून अधिक नेमकेपणाची अपेक्षा करणेही अन्यायाचे ठरेल.

‘झेड-३’ इतका महत्त्वाचा का?

पत्रे अडतात, तर विजेच्या कळा वापरा, असा पुढचा विचार होता. टेलिफोन यंत्रणेत वापरला जाणारा रिले ही अशीच कळ असते. प्रवाह आला की आतील चुंबक पट्टी ओढून घेतो, प्रवाह तुटला की पट्टी सुटते. पुन्हा दोनच स्थिती. श्रायर यांचा आग्रह त्याहून पुढचा होता. जुन्या रेडिओत असत तसे व्हॉल्व्ह वापरले तर यंत्र हजारपट वेगवान होईल, असे त्यांचे म्हणणे होते. पण त्यासाठी सुमारे दोन हजार व्हॉल्व्ह लागले असते आणि युद्धकाळात ते मिळणे अशक्य होते. सैन्याकडे हा प्रस्ताव गेला तेव्हा काम पुरे व्हायला किती काळ लागेल ते विचारले गेले आणि विजय त्याआधीच मिळणार असल्याने याची गरज नाही, असे ठरवून तो फेटाळला गेला.

१९३९ मध्ये झुसे यांना सैन्यात बोलावणे आले. काही महिन्यांनी सुटका झाली, तीही गणनयंत्रासाठी नव्हे, तर हेन्शेल कंपनीला त्यांची गरज होती म्हणून. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात ‘झेड-२’ हा प्रायोगिक नमुना झाला. आकडेमोडीला रिले आणि मेमरी पहिल्या यंत्रातील पत्र्याचीच. तो पाहून जर्मनीच्या विमान संशोधन संस्थेने पुढच्या यंत्रासाठी काही पैसे दिले.

१२ मे १९४१ रोजी निवडक शास्त्रज्ञांसमोर ‘झेड-३’ चालवून दाखवण्यात आला. दोन हजारांहून अधिक रिले, मेमरी तेवढीच ६४ संख्यांची. एका बेरजेला सेकंदाहून थोडा कमी वेळ, गुणाकाराला सुमारे तीन सेकंद. आजच्या मानाने हा वेग हास्यास्पद वाटेल, पण छिद्रांच्या पट्टीवरील प्रोग्रामनुसार, मध्ये माणसाचा हात न लागता, आपोआप चालणारे हे पूर्णपणे कार्यरत असे पहिले गणनयंत्र मानले जाते. अशी घटना घडली आणि जगाला कळलेही नाही. २१ डिसेंबर १९४३ रोजी बर्लिनवरील बॉम्बहल्ल्यात ‘झेड-३’ नष्ट झाला. ‘झेड-१’ आणि त्याचे आराखडेही युद्धातच गेले. उरली ती काही छायाचित्रे आणि १९३६ चा पेटंट अर्ज.

नाझी युद्धयंत्रणेशी त्यांचा संबंध काय होता?

झुसे यांच्या आयुष्यातील हा भाग कौतुकाच्या लेखांत दोन ओळींत उरकला जातो, तसे करणे बरोबर नाही. झुसे नाझी पक्षाचे सदस्य नव्हते. पण हेन्शेलमध्ये ते ज्या विभागात होते, तेथे रेडिओने नियंत्रित होणारा ‘एचएस २९३’ हा उडता बॉम्ब तयार होत होता. कारखान्यातून येणारे त्याचे पंख नेमके मापात नसत. प्रत्येक बॉम्बची मापे घेऊन किती दुरुस्ती करायची, हे गणिताने काढावे लागे. त्यासाठी झुसे यांनी खास गणनयंत्र बनवले आणि नंतर मापे स्वतःच वाचणारे दुसरे. तांत्रिकदृष्ट्या हे दुसरे यंत्र कारखान्यातील प्रक्रियेला थेट जोडलेल्या सुरुवातीच्या संगणकांपैकी एक. पण त्यातून बाहेर पडणारी वस्तू माणसे मारण्यासाठी होती.

दिवाणखान्यातील हौस आणि शस्त्रांचा कारखाना यांच्यामधील अंतर फार नव्हते. सैन्यातून सुटका, साहित्य, पैसा हे सगळे त्या मार्गानेच आले. उतारवयात झुसे यांनी याबद्दल लिहिले आहे. उत्तम शास्त्रज्ञापुढे एक तर संशयास्पद हेतूंच्या सत्तेसाठी काम करणे किंवा काम सोडून देणे असे दोनच पर्याय उरतात, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे पटण्यासारखे आहे की सोयीचे, यावर मतभेद होऊ शकतात.

‘झेड-४’ कसा वाचला?

पुढचे यंत्र, ‘झेड-४’, १९४२ पासून बर्लिनमध्ये तयार होत होते. बॉम्बहल्ल्यांमुळे त्याला जागा बदलाव्या लागल्या. १९४५ च्या सुरुवातीला रशियन सैन्य जवळ येऊ लागले, तेव्हा ते खोक्यांत भरून ग्योटिंगेनला हलवण्यात आले. तेथे काही आठवड्यांनी हार्झ डोंगरातील भुयारी कारखान्यांत यंत्र नेण्याचा आदेश आला. त्या कारखान्यांत छळछावणीतील कैद्यांकडून रॉकेट बनवून घेतली जात होती. तेथील अवस्था पाहिल्यावर झुसे यांनी यंत्र तेथे ठेवायला नकार दिला आणि ते दक्षिणेकडे बव्हेरियातील आल्प्स पर्वताकडे निघाले. सोबत गर्भवती पत्नी गिझेला. जानेवारी १९४५ मध्येच त्यांचे लग्न झाले होते.

तेव्हा यंत्राचे नाव ‘व्ही-४’ असे होते. प्रायोगिक नमुना या अर्थाच्या जर्मन शब्दाचे ते आद्याक्षर. ‘व्ही-१’ आणि ‘व्ही-२’ ही हिटलरच्या अस्त्रांची नावे असल्याने, ‘व्ही-४’ म्हणजे त्याहून भयंकर काहीतरी असावे, असे अधिकाऱ्यांना वाटले आणि वाहने मिळणे सोपे झाले, असे सांगितले जाते. युद्धानंतर हा गोंधळ नको म्हणून सर्व यंत्रांना ‘झेड’ हे अक्षर लावले गेले. या लेखात आधीपासून वापरलेली नावेही नंतरचीच आहेत.

हिंटरश्टाइन आणि मग होप्फराउ या खेड्यांत यंत्र कोठारात पडून राहिले. युद्ध संपले होते, जर्मनीत वीज, पैसा, सुटे भाग कशाचीच शाश्वती नव्हती. झुसे यांनी चित्रे आणि लाकडी ठशांची कामे विकून संसार चालवला. यंत्राला हात लावता येत नाही म्हटल्यावर त्यांनी कागदावर काम सुरू केले आणि ‘प्लानकाल्क्युल’ ही प्रोग्रामिंगची भाषा रचली. यंत्राच्या सुट्या हालचाली सांगण्याऐवजी काय हवे ते वरच्या पातळीवर सांगणारी ही पहिलीच भाषा समजली जाते. भाषेची परीक्षा घेण्यासाठी त्यांनी तीत बुद्धिबळाचे नियम मांडले. ती संपूर्ण स्वरूपात छापली गेली १९७२ मध्ये. तोवर इतरांनी फोरट्रान, कोबोल, अल्गोल यांचे जग उभे केले होते.

झ्युरिचला काय घडले?

१९४९ मध्ये झ्युरिचच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक एडुआर्ड श्टीफेल खेड्यातील त्या कोठारापर्यंत पोहोचले. त्यांनी एक समीकरण सांगितले, झुसे यांनी तिथल्या तिथे त्याची पट्टी पाडली, यंत्राने उत्तर दिले. श्टीफेल यांनी यंत्र भाड्याने घेतले. त्यांच्या मागणीवरून एक महत्त्वाची सुधारणाही झाली. आलेले उत्तर पाहून पुढे कोणत्या वाटेने जायचे हे यंत्राने ठरवण्याची सोय, जी ‘झेड-३’ मध्ये नव्हती.

दुरुस्त करून, वाढवून १९५० मध्ये ‘झेड-४’ झ्युरिचला बसवला गेला. मेमरी अजूनही पत्र्याची, म्हणजे दिवाणखान्यातली मूळ कल्पनाच. रिले वापरले असते तर तेवढ्या मेमरीला कितीतरी अधिक जागा लागली असती. रात्री यंत्र एकटेच चालू ठेवून लोक घरी जात. आत रिले खडखडत राहत आणि सकाळी उत्तर तयार असे. शांत झ्युरिचच्या रात्रजीवनात आपल्या यंत्रामुळे थोडी तरी जान आली, असा विनोद झुसे नंतर करत. १९५५ पर्यंत ते तेथे होते, पुढे फ्रान्समधील एका संस्थेत काही वर्षे चालले. आज ते म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे. झुसे यांच्या युद्धकाळातील यंत्रांपैकी एवढे एकच वाचले.

कंपनी, पेटंट आणि पराभव…

झ्युरिचच्या पैशांवर १९४९ मध्ये ‘झुसे केजी’ ही कंपनी सुरू झाली, आधी नॉयकिर्शेन आणि नंतर बाड हर्सफेल्ड येथे. रिलेवर चालणारा ‘झेड-११’, व्हॉल्व्हचा ‘झेड-२२’, ट्रान्झिस्टरचा ‘झेड-२३’ आणि नकाशे काढणारा ‘ग्राफोमाट’ असा पसारा वाढला. कंपनीने एकूण २५१ संगणक बनवले. मात्र प्रत्येक नव्या यंत्राला लागणारे भांडवल वाढत गेले. १९६४ मध्ये कंपनी ब्राउन बोवेरीकडे आणि १९६७ मध्ये सीमेन्सकडे गेली.

त्याच १९६७ मध्ये दुसरा धक्का बसला. ‘झेड-३’ साठी १९४१ मध्ये केलेला पेटंट अर्ज हरकतींच्या फेऱ्यांत अडकला होता. २६ वर्षांनी न्यायालयाने तो फेटाळला. यंत्र नवे आहे हे मान्य. पण पेटंट मिळण्याइतकी शोधाची उंची त्यात नाही, असा निष्कर्ष होता. तोवर संगणक सर्वत्र पोहोचला होता आणि जे १९४१ मध्ये कोणालाच सुचले नव्हते, ते १९६७ मध्ये स्वाभाविक वाटू लागले होते.

मग पहिला संगणक कोणाचा?

याचे उत्तर व्याख्येवर अवलंबून आहे. अमेरिकेतील आटानासॉफ-बेरी यंत्र, ब्रिटनचा कोलोसस आणि १८ हजार व्हॉल्व्हचा एनियाक हे इलेक्ट्रॉनिक होते आणि वेगाच्या बाबतीत ‘झेड-३’ त्यांच्या पासंगालाही पुरत नाही. दुसरीकडे, द्विमान पद्धती, फ्लोटिंग पॉइंट आणि प्रोग्रामची पट्टी एकत्र आणण्याचे श्रेय झुसे यांचेच. अट घालून वाट निवडण्याची सोय ‘झेड-३’ मध्ये नव्हती, म्हणून त्याला सर्वसमावेशक संगणक म्हणावे का, यावर वाद होता. कितीही आडवळणाने का होईना, त्याच्याकडून कोणतीही गणना करून घेता येते, हे राउल रोखास यांनी १९९८ मध्ये सिद्ध केले. ती पद्धत इतकी किचकट आहे की प्रत्यक्षात कोणी वापरणार नाही, हेही खरे.

एकच नक्की सांगता येते. एनियाककडून पुढच्या संगणकांची वंशावळ सुरू होते. झुसे यांच्या दिवाणखान्याकडून तशी सलग रेघ निघत नाही. त्यांचे काम कोणी वाचले नव्हते, जर्मनीबाहेर कोणाला माहीत नव्हते. बाहेरचा माणूस असल्याने ते जुन्या चाकोरीत अडकले नाहीत आणि बाहेरचेच असल्याने त्यांचे ऐकणारेही कोणी नव्हते.

पन्नास वर्षांनी पुन्हा तेच यंत्र कशाला?

‘झेड-३’ ची प्रतिकृती त्यांच्या कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच केली होती. रिले सगळीकडे मिळतात, त्यांची जोडणी पुन्हा करता येते. ‘झेड-१’ चे तसे नव्हते. तो पत्र्यांचा होता, त्याची प्रत्येक खाच हाताने पाडलेली होती आणि आराखडे राख झाले होते. ते यंत्र आता फक्त एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात होते.

१९८६ मध्ये, ७६ व्या वर्षी, झुसे यांनी ते पुन्हा बनवायचे ठरवले. ह्युनफेल्ड येथील राहत्या घरी काम सुरू झाले, म्हणजे पुन्हा घरातच. दोन विद्यार्थी मदतीला होते. या वेळी पैशांची चिंता नव्हती. सीमेन्स आणि इतर काही कंपन्यांनी मिळून सुमारे आठ लाख मार्क दिले. जे यंत्र बहिणीच्या पगारातून आणि मित्रांच्या खिशातून उभे राहिले होते, त्याच्या प्रतिकृतीला एवढा खर्च यावा, हे गमतीचे आहे.

पैसे मिळाल्याने काम सोपे झाले नाही. प्रत्येक थरातील पट्टीचा आकार, खिळ्याची जागा, कोणत्या क्षणी कोणती पट्टी हलते याचा क्रम, हे सगळे नव्याने काढून शेकडो पानांवर उतरवावे लागले. जुन्या यंत्राची दुरुस्ती करणाऱ्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. एखादे यंत्र पुस्तकातून समजते, पण ते तसे का बनवले, हे कळायला ते खोलावे लागते. येथे तर खोलायलाही काही शिल्लक नव्हते. १९८९ मध्ये ते पूर्ण झाले आणि बर्लिनच्या तंत्रसंग्रहालयात बसवले गेले. झुसे यांनी स्वतः ते चालवून दाखवले.

आणि ते अडले. उत्तम यंत्रांवर बनवलेले भाग, भरपूर पैसा, पन्नास वर्षांचा अनुभव असूनही नव्या ‘झेड-१’ मध्ये मूळ यंत्राचा दोष कायम होता. पट्ट्या अडकतच. एका अर्थी प्रतिकृती प्रामाणिक निघाली. अडण्याचे कारण केवळ मित्रांच्या करवतीत नव्हते, रचनेतच होते. म्हणजे १९३८ मध्ये पत्रे सोडून रिलेकडे वळण्याचा त्यांचा निर्णय योग्यच होता, हे या यंत्राने दाखवून दिले. रोखास यांनी नंतर या प्रतिकृतीचा आणि तिच्या आराखड्यांचा कसून अभ्यास केला. ‘झेड-३’ ची तर्करचना आधीच ‘झेड-१’ मध्ये होती, फक्त पत्र्यातून ती रिलेमध्ये गेली, असे त्यातून दिसले.

अखेरच्या वर्षांत काय?

कंपनी गेल्यावर झुसे पुन्हा चित्रांकडे वळले होते. एके काळी ते ‘कुनो झे’ या टोपणनावाने चित्रे काढत. उंच, धारदार, रंगीत इमारतींची ही चित्रे पाहिली की ‘मेट्रोपोलिस’ पाहिलेला मुलगा आठवतो. हे संपूर्ण विश्वच एक प्रचंड गणनयंत्र असावे, अशी कल्पना मांडणारे त्यांचे पुस्तक १९६९ मध्ये आले. तेव्हा भौतिकशास्त्रज्ञांनी ते फारसे मनावर घेतले नाही. आज त्या विषयावर लिहिणारे त्याचा उल्लेख करतात. १९९५ मध्ये हॅनोव्हरच्या संगणक प्रदर्शनात त्यांनी बिल गेट्स यांना स्वतः काढलेले त्यांचे चित्र भेट दिले.

त्याच काळात, ऐंशी वर्षे उलटल्यावर, ते एक मनोरा बनवत होते. सुटे भाग एकावर एक चढत जाऊन आपोआप उंच होणारा आणि हवा तेव्हा पुन्हा खाली उतरणारा. वादळ आले की पवनचक्की खाली घेता यावी, हा एक विचार त्यामागे होता. त्याचा नमुना डॉइचेस म्युझियममध्ये आहे. मेकॅनोसारख्या पट्ट्यांतून क्रेन बांधणाऱ्या मुलाने केला असता तसाच तो दिसतो. १८ डिसेंबर १९९५ रोजी ह्युनफेल्ड येथे झुसे यांचे निधन झाले, तेव्हा मनोऱ्याचे काम सुरूच होते.

त्यांचा मोठा मुलगा होर्स्ट झुसे याने २०१० मध्ये, वडिलांच्या जन्मशताब्दीला, आजच्या बाजारात मिळणारे रिले वापरून ‘झेड-३’ पुन्हा बांधला. कार्ल्सरुहच्या झेडकेएम केंद्रात व्हॉल्व्हवर चालणारा एक ‘झेड-२२’ जपून चालू स्थितीत ठेवला गेला आहे. बर्लिनच्या संग्रहालयातील ‘झेड-१’ मात्र बहुतेक वेळा स्थिर उभा असतो. तो चालवायचा, तर आधी कोणीतरी अडलेली पट्टी शोधून काढावी लागते.